पदराखालची पट्टी

जुना फोटो समोर आला की लोक चेहरे बघतात, मी शिवण बघते. धंद्याची खोड, दुसरं काय. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा आणि कॉलर नीट बसलीय का, बाही खांद्यावर नेमकी कुठं चढवलीय, काज कसं केलंय, ते बघत बसायचं. नवरा म्हणतो, "लोकं सिरियल बघतात, तू बटणं बघ."

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमनं दुसऱ्या महायुद्धातले ढीगभर फोटो सगळ्यांना बघायला ठेवलेत. त्यात जून 1945 मधला एक आहे, स्कॉटलंडमधल्या रोसाइथच्या नौदल तळावरचा. दोन अधिकारी बायका. एक चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर, दुसरी सेकंड ऑफिसर कल्याणी सेन. दोघीही 'विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस'च्या, म्हणजे तेव्हाच्या आपल्याकडच्या नौदलाच्या महिला शाखेच्या. तिला थोडक्यात 'रिन्स' म्हणायचे. कूपरबाई तिच्या उपसंचालक. दोघी दोन महिन्यांच्या अभ्यासदौऱ्यावर विलायतेला गेल्या होत्या. आणि सेनबाई साडीत आहेत. घरची साडी नव्हे, गणवेशाची.

माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की पदर डाव्या खांद्यावर, मग हुद्द्याच्या पट्टीचं काय? पांढऱ्या गणवेशात नौदलाचा हुद्दा खांद्यावर असतो. गडद निळ्या कोटावर तो बाहीवर उतरतो, पण कोट नसेल तर खांदाच. साडी नेसली की डावा खांदा गेला पदराखाली. उरला उजवा. म्हणजे बाई डाव्या बाजूनं आली तर शिपायाला कळणारच नाही की ही अधिकारी आहे का कुणाची पाहुणी. शिवाय बंदराचा वारा. पदर पिनेनं लावायचा म्हटला तरी पट्टीच्या वरून लावायचा की आतून? निऱ्या बुटाला लागणार नाहीत इतक्या वर घ्यायच्या तर घोटा दिसणार, आणि 1944 साली घोटा दिसला म्हणून घरून पत्र येणार. हे सगळं कुणीतरी बसून ठरवलं असणार. कुठल्यातरी शिंप्यानं नमुना कापला असणार. त्या माणसाशी मला अर्धा तास बोलायला मिळालं असतं तर काय मजा आली असती.

मी सोलापुरात गणवेश शिवते. खरं सांगायचं तर आता शिवते कमी, कापते जास्त, आणि ओरडते त्याहून जास्त. अक्कलकोट रोडला आमचं छोटं युनिट आहे. शाळांचे शर्ट, पिनाफोर, स्कर्ट, ट्रॅकपँट, कधी दवाखान्याचे, कधी सिक्युरिटीवाल्यांचे. सोलापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना चादर आठवते, पण गेल्या काही वर्षांत गणवेशानंही गावाचं नाव लांबवर नेलंय. इथं गणवेशाचं प्रदर्शन भरतं, बाहेरच्या राज्यातले व्यापारी येतात. फेब्रुवारी ते जून आम्हाला श्वास घ्यायला सवड नसते. हे लिहितेय म्हणजे समजा की जूनचा माल गेलाय.

नौदलाचा नाद मला लागायचं कारण आमच्या ओव्हरलॉकवर बसणाऱ्या बाई. दाजी पेठेतल्या, घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. त्यांची आई विड्या वळायची, त्या शिलाईत आल्या, आणि त्यांची मुलगी अग्निवीर म्हणून नौदलात गेली. ज्या गावात नळ कधी येणार यावर पाहुण्यांचा मुक्काम ठरतो, त्या गावची पोर समुद्रावर! पहिल्या सुट्टीला आली तेव्हा पिशवीतून पांढरा शर्ट काढून माझ्यासमोर धरला. ट्रेनिंगमध्ये वाळली होती, शर्ट अंगात ढगळ होत होता. "अक्का, ह्ये जरा कमरंत घ्या की. पण कळायला नको."

कळायला नको म्हणजे साइडची शिवण उसवून पुन्हा घालायची, डार्टला हात लावायचा नाही. पांढऱ्या कापडावर खूण करायची म्हणजे निळा खडू अगदी हलक्या हातानं. मेणाचा खडू लावला आणि त्यावर इस्त्री फिरली की डाग बसलाच समजा. तिथं तर म्हणे पांढऱ्याचा पांढरेपणा तपासतात. मी उलट बाजूनं टाचण्या लावूनच काम केलं. शर्ट हातात असताना सहज विचारलं, तुमच्यात बायका कधीपासून? तिनं सांगितलं, नाविक म्हणून आमच्या जराच आधीपासून. ते बरोबरच आहे. ओडिशातल्या आयएनएस चिल्कामधून महिला अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च 2023 मध्ये बाहेर पडली, 273 जणी. पण मग मी रात्री शोधायला बसले आणि पार 1917 पर्यंत जाऊन पोचले.

1917 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश नौदलानं बायकांची शाखा काढली. 'रेन्स' म्हणायचे त्यांना. त्या वेळचा साध्या मुलींचा गणवेश म्हणजे जाड सर्जचा, गळ्यापर्यंत बंद झगा. सर्ज म्हणजे काय चीज असते ते कापणाऱ्यालाच माहीत, कात्री धरून बोटं सुजतात. युद्ध संपलं, 1919 मध्ये शाखा गुंडाळली. 1939 मध्ये पुन्हा युद्ध आलं तेव्हा पुन्हा उघडली. या वेळी प्रमुख होत्या व्हेरा लॉटन मॅथ्यूज. मागच्या युद्धात याच शाखेत काम केलेल्या, आणि त्याआधी बायकांच्या मताधिकारासाठी भांडलेल्या. 1944 पर्यंत रेन्सची संख्या सुमारे 75,000 वर गेली.

हिशेब सरळ होता: किनाऱ्यावरच्या खुर्चीत बाई बसवा, तिथला पुरुष जहाजावर पाठवा. भरतीच्या जाहिरातीतच ते स्पष्ट होतं. सुरुवातीला स्वयंपाक, टंकलेखन, टेलिफोन, गाडी चालवणं. मग माणसं कमी पडत गेली तसा नाइलाजानं एकेक दरवाजा उघडला. रेडिओ दुरुस्त करणं, टॉर्पेडोची देखभाल, नकाशावर जहाजांच्या जागा मांडणं. बंदरात छोट्या होड्या चालवून माणसं आणि टपाल जहाजांपर्यंत नेणाऱ्या मुलीसुद्धा होत्या. त्यांना खलाशांसारख्या खाली घेर असलेल्या पँटी मिळायच्या, आणि बाकीच्या सगळ्या त्यांच्यावर जळायच्या असं मला तरी वाटतं. स्कर्टातून पँटीत जाणं म्हणजे काय, ते ज्या बाईनं स्कर्ट घालून शिडी चढलीय तिला विचारा.

आता टोपी. 1939 ला साध्या रेन्सना जी टोपी दिली ती मऊ, काठ लोंबणारी, शाळकरी पोरींची असते तशी. भरती व्हायला आलेल्या वीस वर्षांच्या मुलींना ती अजिबात आवडेना. 1942 मध्ये ती बदलून खलाशांसारखी गोल, सपाट टोपी आली आणि तिनं मात्र बाजार मारला. तेव्हा ब्रिटनमध्ये कापड रेशनवर होतं. जून 1941 पासून कपड्यांना कूपन लागायचं आणि ते 1949 पर्यंत चाललं. अशा काळात नीट बेतलेला गडद निळा कोट, पांढरा शर्ट, काळा टाय आणि वर ती टोपी फुकट मिळत असेल, तर मुली रेन्समध्ये जायला धडपडणार नाहीत तर काय करतील? देशभक्ती असतेच, पण फिटिंगही असतं. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. गणवेश चांगला बसला की मूल ताठ चालतं. हेडमास्तरांना वाटतं शिस्तीमुळं.

अमेरिकेनं तर आणखी पुढची मजल मारली. त्यांनी जुलै 1942 मध्ये 'वेव्हज' नावाची शाखा काढली आणि वेलस्ली कॉलेजच्या प्रमुख मिल्ड्रेड मॅकॅफी यांना वर बसवलं. नौदलाच्या पहिल्या बेतात म्हणे बाहीवर लाल, पांढऱ्या, निळ्या पट्ट्या होत्या. सल्लागार मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली, हे तर नाटकातल्या पोशाखासारखं दिसतंय म्हणून. मग एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोनं, ज्या पूर्वी फॅशनच्या मासिकात काम करायच्या, मेनबॉकर या डिझायनरला गाठलं. हा तोच, ज्यानं 1937 मध्ये विंडसरच्या डचेसचा, म्हणजे इंग्लंडचं राजेपद सोडलेल्या एडवर्डच्या नवरीचा, लग्नाचा पोशाख केला होता. त्यानं वेव्हजचा गणवेश करून दिला, पैसे न घेता. निळा कोट, कमरेत बेतलेला, सहा भागांचा स्कर्ट. उन्हाळ्यासाठी पुढं करड्या-पांढऱ्या रेघांचं सिअरसकर आलं. ते कापड आधीच चुरगळल्यासारखं विणतात, म्हणून इस्त्री लागत नाही. हजारो बायकांना बराकीत ठेवायचं आणि इस्त्र्या मोजक्या, तेव्हा असं कापड निवडणारा माणूस मला हुशार वाटतो. लग्नाच्या पोशाखापेक्षा हे जास्त हुशारीचं काम.

पण फितीचं काय? इथं माझा राग आहे. नौदलातल्या अधिकाऱ्याच्या बाहीवर सोनेरी फीत असते. रेन्सच्या अधिकाऱ्यांना निळी दिली. पुरुषांच्या फितीला वरच्या बाजूला गोल वेटोळं असतं, यांच्या फितीला त्या जागी चौकट. गडद निळ्या कोटावर निळी फीत! दहा पावलांवरून काय दिसणार, कप्पाळ? शाळेच्या ब्लेझरवर आम्ही अशी पाइपिंग घातली तर गिऱ्हाईक माल परत पाठवेल. आणि हे युद्धापुरतं नव्हतं. 1993 मध्ये रेन्सची वेगळी शाखा बंद होऊन बायका मुख्य नौदलात घेतल्या, तेव्हा कुठं सोनेरी फीत आली. वेव्हजनाही फिकट निळीच होती. कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं नाही, जरीचा खर्च वाचवायचा असेल, परंपरा असेल. पण कापणारीला एवढं कळतं की जे दिसायला हवं असतं ते लोक उठून दिसेल अशा रंगात करतात.

रंगावरून लिव्हरपूलची गोष्ट सांगायलाच हवी. या सगळ्या वाचनातली मला सगळ्यात आवडलेली.

अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या. ब्रिटनचं अन्नधान्य, तेल, सगळं त्याच वाटेनं यायचं. ताफ्याबरोबर रक्षणाला युद्धनौका असायच्या, पण पाणबुडी नेमकी कुठून मारा करते आणि मग कुठं पळते तेच उमगत नव्हतं. जानेवारी 1942 मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी एक विभाग उघडला. रॉबर्ट्स क्षयामुळं समुद्रावरच्या नोकरीतून बाहेर पडलेले. त्यांना मदतीला दिल्या बहुतेक सगळ्या तरुण रेन्स. त्यातल्या कित्येकींनी युद्धनौका आतून पाहिलेलीही नव्हती. एक जीन लेडलॉ, हिशेबनिशी शिकलेली. एक जॅनेट ओकेल, जेमतेम विशीतली.

त्यांनी काय केलं, तर जमिनीवरच्या तपकिरी लिनोलियमवर रेघा मारून समुद्र आखला. लाकडाची छोटी जहाजं ठेवली. मुली गुडघ्यावर बसून ती सरकवायच्या आणि प्रत्येक जहाजाचा माग खडूनं काढायच्या. रक्षक नौकांचा माग पांढऱ्या खडूनं, पाणबुडीचा हिरव्या. कडेनं कॅनव्हासचे पडदे, त्यांना छोट्या फटी. शिकायला आलेले नौदल अधिकारी पडद्यामागं उभं राहून फटीतून बघणार, म्हणजे धुक्यात, रात्री, डेकवरून जेवढं दिसेल तेवढंच दिसावं. आणि गंमत अशी की त्या तपकिरी जमिनीवर हिरवा खडू फटीतून दिसायचाच नाही. पांढरा दिसायचा. पाणबुडी त्यांच्या डोळ्यांसमोरून जायची, तिची रेघ जमिनीवर उमटलेली असायची, आणि त्यांना पत्ता नाही.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. कुठल्या कापडावर कुठला खडू दिसतो आणि कुठला बुडतो, यावर आमचं अख्खं कटिंग टेबल चालतं. नेव्ही ब्लू टेरीकॉटवर पांढरा खणखणीत उठतो, पण त्याच कापडावर लाल खडू मारा, ट्यूबलाइटखाली गायब. नवीन पोरगी कामाला आली की पहिला आठवडा तिला मी हेच शिकवते. त्याच गोष्टीवर लिव्हरपूलमध्ये पाणबुडी लपवली होती! तो खडू कुणाला सुचला, मुलींना का रॉबर्ट्सना, मला फार उत्सुकता आहे.

या जमिनीवरच्या खेळातून एक उत्तर निघालं. जुन्या हल्ल्यांची नोंद घेऊन ते पुन्हा पुन्हा खेळून बघताना लक्षात आलं की पाणबुडी लांबून मारत नाही. ती मागून ताफ्याच्या रांगांमध्ये शिरते, जवळून मारते, मग खोल जाते आणि ताफा पुढं सरकला की मागं राहून निसटते. मग रक्षक नौकांनी पुढं धावायचं कशाला? मागं वळून शोधायचं. त्या डावपेचाला लेडलॉनं नाव दिलं 'रास्पबेरी'. इंग्रजीत तोंडानं काढलेल्या टिंगलीच्या आवाजाला तसं म्हणतात, म्हणजे हिटलरला वेडावून दाखवल्यासारखं. पुढं आणखीही डावपेच निघाले. युद्ध संपेपर्यंत जवळजवळ 5,000 अधिकारी या जमिनीवर शिकून गेले.

आणि अॅडमिरल मॅक्स हॉर्टनची गोष्ट. हा माणूस पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडीचा नामांकित कप्तान. 1942 च्या अखेरीस अटलांटिकच्या या सगळ्या मोर्चाचा प्रमुख होऊन लिव्हरपूलला आला. म्हणाला, मी पाणबुडी चालवतो, बघू तुमचा खेळ. समोर रक्षक नौकांच्या बाजूनं खेळाडू कोण आहे ते त्याला दिसत नव्हतं. पाणबुडी बुडाली. परत खेळला, परत बुडाली. शेवटी विचारलं, समोर आहे तरी कोण? तर ती जॅनेट ओकेल. साहेब काय म्हणाले असतील ते असो. विभाग बंद झाला नाही, एवढं खरं.

इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्राचं सगळ्यांना माहीत झालंय, तेव्हा थोडक्यात. जर्मनांचे गुप्त संदेश फोडायची जी मोठाली यंत्रं होती, बॉम्ब नावाची आणि पुढं कोलोसस, ती चालवणाऱ्या बहुतेक रेन्स होत्या. तीन पाळ्या, रात्रंदिवस. आपण नेमकं काय करतोय ते त्यांना पूर्ण सांगितलेलं नसायचं, आणि जेवढं कळलं तेवढंही 1970 च्या दशकापर्यंत बोलायची बंदी. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही म्हणे. आमच्याकडे एखादीनं भिशीचा आकडा नवऱ्यापासून लपवला तरी कौतुक होतं.

'किनाऱ्यावरच्या' म्हणून या बायका सुरक्षित होत्या, असं कुणी म्हणालं तर त्याला 'अगुइला' जहाजाबद्दल सांगावं. ऑगस्ट 1941 मध्ये लिव्हरपूलहून निघून या जहाजातून 21 रेन्स जिब्राल्टरकडे चालल्या होत्या, संकेतलिपी आणि वायरलेसच्या कामावर. सोबत नौदलाची एक नर्स. पाणबुडीनं जहाज बुडवलं. बावीसपैकी एकही वाचली नाही. लिव्हरपूलमध्ये तो खडूचा विभाग उघडला त्याच्या पाचच महिने आधीची ही गोष्ट.

आता परत आपल्याकडे. 1942 मध्ये भारतात बायकांचं सहायक दल उभं राहिलं, सैन्य, हवाई दल, नौदल सगळ्यांसाठी मिळून. त्यात युद्धाच्या काळात सुमारे 11,500 जणी होत्या. 1944 मध्ये त्यातून नौदलाची शाखा वेगळी झाली, ती रिन्स. भारतीय मुलींना पांढरी साडी, निळा काठ. काम किनाऱ्यावरचंच: संदेश, टेलिप्रिंटर, कचेऱ्या.

तेव्हा सोलापुरातून कुणी गेली होती का? मला नाही वाटत. माझी आजी सांगायची त्या काळाबद्दल, पण तिच्या आठवणीत नौदल नाही, कापड आहे. आजोबा जुन्या मिलमध्ये होते. 1877 सालची ती मिल, आशियात नाव होतं म्हणायचे. चार-चार मिलचे भोंगे वाजायचे आणि तरी घरात धडकं नवं लुगडं नाही, कारण माल सगळा लढाईला. 1943 मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आलं. आजी 'कंट्रोलचं कापड' म्हणायची ते शेवटपर्यंत, तोंड वाकडं करून. विणणाऱ्याच्या बायकोनं कापडाच्या रांगेत उभं राहायचं.

आणि दुसरं म्हणजे या गावाला सरकारी गणवेशाची ओळखच वेगळी. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ लागला होता. रस्त्यात गांधी टोपी दिसली की सोजीर ती काढायला लावायचे, असं आजी सांगायची. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. अजून आपण चार हुतात्मा पुतळ्यापाशीच 'थांब, आलेच' म्हणून माणसांना भेटतो. त्या गावातली मुलगी तेरा वर्षांनी म्हणाली असती की मी राजाच्या नौदलात जाते, तर तिला घरात कुणी घेतलं नसतं.

तरी मला रिन्सच्या बायकांना सरकारधार्जिण्या म्हणून बाजूला टाकणं पटत नाही. कुणाला पगार हवा असेल. कुणाला घरातून बाहेर पडायचं असेल, हे कारण तर मला एकदम समजतं. कुणाला खरंच वाटलं असेल की हिटलर आणि जपान जिंकले तर आपलं काही खरं नाही. आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये जपान्यांशी लढणाऱ्या चीनमध्ये गेले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथंच वारले. त्यांना आपण डोक्यावर घेतो, घ्यायलाच हवं. दुसऱ्याच्या लढाईत जाऊन काम करणाऱ्या बाईला मात्र विचारणार, तू कुणाच्या बाजूची?

फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या संदेश-प्रशिक्षण केंद्रावर खलाशांनी संप केला, जेवण आणि गोऱ्या साहेबांच्या शिव्या यावरून. तो बंदरातून जहाजाजहाजांवर पसरला. नौदलाच्या इतिहासात तेवढं पान लोकांना पाठ आहे, आणि बरोबरच आहे. पण त्याच सुमारास रिन्स गुंडाळली गेली तिची आठवण कुणालाच राहिली नाही. इंग्रजांनी ठेवली नाही कारण त्या आपल्या. आपण ठेवली नाही कारण त्या इंग्रजांच्या नोकरीत. वैद्यकीय शाखा सोडली तर भारतीय नौदलात बाई अधिकारी म्हणून परत आली ती 1992 मध्ये. साडीचा तो नमुना ज्या कपाटात ठेवला असेल त्याची किल्ली हरवायला एवढी वर्षं पुरेशी होती.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नौदलातल्या अधिकारी बायकांच्या कायम नेमणुकीचा निकाल दिला, तोही बायकांना कोर्टात भांडून मिळवावा लागला. 'तारिणी' या शिडाच्या होडीतून सहा अधिकारी बायका 2017-18 मध्ये पृथ्वीला वळसा घालून आल्या. 2023 मध्ये प्रेरणा देवस्थळी 'त्रिंकट' या युद्धनौकेच्या प्रमुख झाल्या, नौदलात पहिल्यांदा. मराठी आडनाव वाचून मी युनिटमध्ये पेढे वाटले, सगळ्यांना वाटलं मोठी ऑर्डर आली.

आमच्या बाईंच्या मुलीला मी सेनबाईंचा फोटो दाखवला. तिनं आधी खांदाच बघितला, म्हणजे पोर तयार झालीय. मग म्हणाली, "साडी नेसून शिडी चढायची अक्का? जहाजाची शिडी उभी असती, हात धरायला दोन लागत्यात. पदर कोण धरणार?" मी म्हटलं, अगं त्या जहाजावर नव्हत्याच, किनाऱ्यावर होत्या. आणि चढायचंच असेल तर सहावारी कशाला, काष्टा घालून नऊवारी नेसायची. आमच्या आजीनं नऊवारीत कडब्याची गंजी रचली, शिडी काय चीज आहे. त्यावर तिनं असा काही विचार केला की मला वाटलं आता वर प्रस्ताव पाठवते का काय.

शर्ट घडी घालून दिला. शिवण कुठून आत घेतली ते तिला सापडलं नाही, तिच्या आईला लगेच सापडलं. मग जाता जाता पोरीनं खरं काम काढलं. मावसबहिणीचं लग्न होतं, साडी नेसायची होती, आणि तिला परकराला खिसा हवा होता. चेनचा, उजव्या बाजूला, मोबाइल आणि ओळखपत्र मावेल एवढा. "गणवेशात खिशाची सवय झालीय अक्का. आता पर्स कोण सांभाळत बसणार?" पॉपलिनच्या परकराला मोबाइलचं ओझं घालायचं म्हणजे खिसा नाडीच्या पट्टीत अडकवावा लागतो, नाहीतर चालताना परकर एका बाजूला ओढतो. आतून दुहेरी कापड घातलं आणि तोंडाला बकरमची पट्टी. चांगला जमला. तिनं तो कारखान्यात नेसून दाखवला, मोबाइल घालून उड्या मारल्या, मग काय विचारता. काज-बटणवाली म्हणाली मला पण. तिच्या आईनं दोन सांगितले. इस्त्रीवाल्या काकूंनी घरून जुने परकरच आणून टाकले टेबलावर. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत पर्स मारतात, तोवर झाले पाहिजेत म्हणतात. मी म्हटलंय, ट्रॅकपँटचा लॉट निघू दे, मग रांग लावा.